वारज्याचं गप्प घर

पुण्याहून परत आल्यापासून सिरोंचात जो भेटतो तो विचारतो, "बाई, काय काय पाहिलं?" शनिवारवाडा पाहिला, पण रिक्षातून आणि बाहेरून. सिंहगड राहिलाच. मी पाहिलं ते एवढंच: वारज्यातला तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट, कर्वेनगरातल्या दवाखान्यातली एक काचेची खोली आणि बुधवार पेठेतली एक गल्ली, जिथे माझ्या हातून माझी नात सुटली. तरीही लिहिते आहे. आपल्याकडची पुष्कळ मुलं आता तिकडे नोकरीला आहेत आणि त्यांची मुलं तिकडे बोलायला शिकत आहेत, म्हणून.

निघण्याआधी

ज्यांना आमचं घर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग घेते. आमच्या तालुक्यात घराघरांत तेलुगू बोलतात, नदीपलीकडे तेलंगणच आहे. मराठी मुलांना शाळेत भेटते. माझी मुलगी स्वप्ना पुण्याला शिकायला गेली, तिथेच आयटीत लागली आणि वारज्याच्या निखिलशी तिचं लग्न झालं. तो मूळ वारज्याचाच, शेतकऱ्याच्या घरातला. शेत होतं तिथे आता इमारती आहेत, त्यातल्याच एकीत ही दोघं राहतात. त्यांची मुलगी जुई, साडेतीन वर्षांची.

जुईशी स्वप्ना तेलुगू बोलायची आणि निखिल मराठी. पोरगी दोन्ही बोलायची. फोनवर मला "अम्मम्मा", म्हणजे आईची आई, अशी हाक मारून आज काय खाल्लं ते सांगायची, आणि तोच हिशेब लगेच बाबाकडे वळून मराठीत द्यायची.

मग तिला इंग्रजी शाळेत घातलं. काही आठवड्यांनी शाळेतल्या बाईंनी सांगितलं, ही वर्गात एक शब्द बोलत नाही, दोन भाषांनी गोंधळली आहे, घरी आता एकच भाषा ठेवा, इंग्रजी. स्वप्ना माझी मुलगी आहे. एकदा ठरवलं की ठरवलं. त्या संध्याकाळपासून तिने घरात इंग्रजी सुरू केलं, निखिललाही लावलं, आणि मला फोन केला. "अम्मा, तूही आता इंग्रजीतच बोलायचं तिच्याशी. एकाने जरी नियम मोडला तरी उपयोग नाही."

मी वाक्यं पाठ केली. हॅलो जुई, हाऊ आर यू, व्हॉट डिड यू ईट. रविवारी व्हिडिओ कॉलवर ती म्हटली. जुईने माझ्याकडे नीट पाहिलं, एखाद्या अनोळखी बाईकडे पाहावं तसं, आणि ती पडद्यातून निघून गेली. पुढच्या रविवारी आलीच नाही. दिवाळीनंतर स्वप्नाचा फोन आला, ती रडत होती. जुई आता घरीही बोलत नव्हती. तहान लागली की पेल्याकडे बोट दाखवायची. कानांची आणि बोलण्याची तपासणी ठरली होती. "तू ये," एवढंच ती म्हणाली.

मला यादीशिवाय घराबाहेर पडता येत नाही. तांदळाच्या पिठाची, तीळ घातलेली तळलेली कडी, म्हणजे सकिनालु, एक डबा. गोंगुऱ्याची पच्चडी, म्हणजे अंबाडीची चटणी, बरणीला दोनदा कापड बांधून. सुट्टीत केलेल्या कामाच्या बदल्यातली रजा. आणि मुख्याध्यापकांनी सांगितलेलं शेवटचं कलम: शाळेच्या परिपाठासाठी माइकवाला छोटा स्पीकर, बुधवार पेठेत स्वस्त मिळतो. पहिलीत न बोलणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. बहुतेक बोलतात. जी बोलत नाहीत तीही पाहिली आहेत, आणि गाडीत बसल्यापासून मला फक्त तीच आठवत होती.

वारजे

आमच्याकडे दार दिवसा उघडं असतं. तिथे खाली पहारेकऱ्याने हिंदीत नाव विचारलं, वहीत लिहायला लावलं, वर फोन केला, मग लिफ्ट. दारात स्वप्ना. तिच्यामागे जुई, हातात चमचा. मी वाकून नियमाप्रमाणे म्हटलं, "हॅलो जुई, कम टू अम्मम्मा."

चमचा खाली पडला. पोरगी बाल्कनीच्या पडद्यामागे गेली. पडद्याखाली तिच्या पायांची बोटं दिसत होती, अंग चोरून उभी असलेली. घाबरलेल्या मुलाची बोटं कशी असतात ते पहिलीच्या बाईला सांगावं लागत नाही.

त्या घरात टीव्ही होता, मिक्सर होता, खालून रिक्षांचे हॉर्न येत होते, आणि तरी घर गप्प होतं. इंग्रजीत बोलायचं म्हणून माणसं लागेल तेवढंच बोलत. "ईट." "कम." "शूज." निखिल बोलका माणूस, पण जेवताना मान खाली. मला आमटी वाढताना तो मराठीत म्हणाला, "आई, आमच्यात गूळ घालतात, सांभाळून घ्या," आणि लगेच जुईकडे पाहून एखादा गुन्हा केल्यासारखा थांबला. स्वप्ना आणि मी स्वयंपाकघराचं दार लावून, एक्झॉस्ट पंखा चालू करून तेलुगूत बोलायचो. आपल्याच घरात आपण चोर.

दुसऱ्या दिवशी विहीणबाई आल्या, मागच्या गल्लीत राहतात. टोपलीत बाजरीची भाकरी आणि ठेचा. जुईला त्यांनी नुसतं कुरवाळलं, बोलल्या नाहीत. मला आश्चर्य वाटलं.

"अहो विहीणबाई, बोला की नातीशी."

"मी काय बोलू बाई? मला येतं त्ये चालत न्हाय, आन् चालतं त्ये येत न्हाय." ठेच्याचा डबा उघडता उघडता त्या म्हणाल्या, "सूनबाईनं हात जोडून सांगितलंय. मी म्हन्लं, बरं. पोरीच्या भल्याचं हाय तर मी मुकी ऱ्हाते. आता आमी दोघी बी मुक्या. मांडीवर बसती, माझ्या बांगड्या फिरवती, आन् जाती."

त्या हसत होत्या, पण जाताना पदराने डोळे पुसले. मी टोपली धुवून दिली. दुसरं काय करणार?

दुपारी सगळे झोपल्यावर जेवणाच्या टेबलाखालून कुजबुज ऐकू आली. मी दाराशीच थांबले. जुई टेबलाखाली बसून दोन वाट्यांशी बोलत होती. एका वाटीकडून ती विचारत होती, "तिन्नवा?" जेवलीस का, असं आपलं तेलुगू. दुसऱ्या वाटीकडून मराठीत, "झोप आली का माझ्या राणीला?" हा निखिलचा सूर, हुबेहूब. माझा पाय सरकला, फरशी वाजली, आणि कुजबुज तुटली. टेबलाखालून दोन डोळे माझ्याकडे बघत होते. तिने वाट्या पालथ्या घातल्या.

बोलता येत होतं तर. खरं तर हायसं वाटायला हवं होतं. मला मात्र जास्तच भीती वाटली. जीभ आहे, शब्द आहेत, आणि ते आमच्यापासून लपवून ठेवले आहेत. साडेतीन वर्षांच्या मुलाला लपवावंसं वाटलं, ते कशामुळे?

कर्वेनगर

तपासणीच्या दिवशी निखिलला रजा मिळाली नाही. आम्ही तिघी रिक्षाने गेलो. स्वप्ना वाटेत सारखी आपल्याच बोटाची अंगठी फिरवत होती.

कान तपासायची खोली काचेची, आत फोम लावलेला. जुईला कानावर मोठे हेडफोन घातले. आवाज ऐकू आला की एक ठोकळा बादलीत टाकायचा. आम्ही काचेबाहेर. आम्हाला आतला आवाज ऐकू येत नाही, फक्त पोरगी दिसते, हातात लाल ठोकळा धरलेली. ती ठोकळा टाकेना. स्वप्नाने माझं मनगट धरलं. तपासणाऱ्या मॅडमनी काही तरी फिरवलं. ठोकळा हातातच. मग पडला एकदाचा बादलीत. मग दुसरा. नंतर ती भराभर टाकायला लागली, आणि मला बसायला खुर्ची शोधावी लागली.

कान उत्तम होते. मॅडमनी आम्हाला बसवून विचारलं, "घरी कोण कोणती भाषा बोलतं?"

"इंग्लिश," स्वप्ना म्हणाली. "फक्त इंग्लिश. आम्ही अगदी काटेकोर आहोत."

"आता. आणि आधी?"

स्वप्नाने सांगितलं.

"शाळेत गप्प झाली ते समजू शकते. नवी भाषा कानावर पडली की मुलं काही दिवस नुसती ऐकतात. घरी कधी गप्प झाली? नियमाच्या आधी की नंतर?"

स्वप्ना पुन्हा अंगठी फिरवायला लागली. मी म्हटलं, "नंतर. आणि एकटी असली की वाट्यांशी बोलते, मी ऐकलंय."

मॅडमनी लिहून घेतलं. म्हणाल्या, "दोन भाषांनी मूल मुकं होत नाही. पण मी आज काहीच नक्की म्हणणार नाही. आणखी दोन तपासण्या आहेत, पुढच्या आठवड्यात या. बोलत असलेलं मूल थांबतं, त्याची कारणं बरीच असू शकतात." ही बरीच कारणं कोणती ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही. पहिलीतल्या न बोलणाऱ्या मुलांवरून मला त्यांतली दोन-तीन माहीत होती.

खाली उसाच्या रसाच्या गाड्यावर थांबलो. मला माझं लहानपण आठवत होतं. आई तेलुगू बोलायची आणि वडील मराठी, ते तहसील कचेरीत कारकून. या दोन भाषा आहेत हे मला शाळेत जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. आईशी असं बोलतात आणि बाबांशी तसं, एवढंच. एकदा कचेरीतले पाहुणे आले तेव्हा आई मला मराठीत म्हणाली, "बाळ, पाणी आण." साधं वाक्य. मी भोकाड पसरलं. आईचा चेहरा तोच, लुगडं तेच, आणि आतून कोणी दुसरीच बाई बोलते आहे असं वाटलं. पाहुणे जाईपर्यंत मी तिच्याजवळ गेले नाही.

हे मी स्वप्नाला सांगितलं. "मला एका वाक्याने तसं झालं. हिची तर एका संध्याकाळी सगळीच माणसं बदलली. तू, निखिल, फोनवरची मी. आणि आजी तर मुकीच झाली."

"अम्मा, प्लीज. तू पहिलीची मुलं शिकवतेस, तू डॉक्टर नाहीस."

"नाही. पण नियम सोडून तर बघ."

तिने ग्लास ठेवला. मग जे कधीच सांगितलं नव्हतं ते सांगितलं. हॉस्टेलवर पहिल्या वर्षी ती बोलायला लागली की समोरची मुलगी शांतपणे विचारायची, "तुमच्याकडे मराठी असंच असतं का?" त्यात शिवी नाही, हसणं नाही, काही नाही. नुसतं विचारायची. "पहिल्या सेमिस्टरला मी मेसमध्ये बोटाने दाखवून पोळ्या मागितल्या, अम्मा. बोलायला नको म्हणून. तेलुगू तर मी बाहेर कधी काढलंच नाही. जुईला कुणी असं विचारायला नको. तिची एक भाषा असू दे, पण अशी, की कुणी बोट ठेवू नये."

"गप्प बसलेल्या माणसावर कुणीच बोट ठेवत नाही," मी म्हटलं. बोलून गेले आणि जीभ चावली. जुई आमच्या दोघींच्या मध्ये उभी राहून पेल्याकडे बोट दाखवत होती.

बुधवार पेठ

निघायच्या आदल्या दिवशी शाळेचा स्पीकर घ्यायला गेलो. स्वप्ना नको म्हणत होती, गर्दी असते. मी म्हटलं, यादीत आहे. आधी गणपतीचं दर्शन घेतलं, मग इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत शिरलो. दोन्ही बाजूंनी वायरी, चार्जर, दिव्यांच्या माळा, दुकानापुढे टेबलं आणि टेबलांखाली रिकामी खोकी. आमच्या आठवडी बाजारात भाव करताना दोन्हीकडून चार वाक्यं होतात. इथे दुकानदार किंमत सांगतो आणि दुसरीकडे बघतो.

दुकानात पाटी होती: "माइक तपासताना हॅलो एकदाच म्हणावे. गाणे म्हणू नये. आम्हाला ऐकू येते." मालक पंचावन्न-साठीचे, नाकावर चष्मा.

"वॉरंटी आहे का?" मी विचारलं.

"स्पीकरला आहे. मुलांनी पाडला तर मुलांना विचारा."

स्वप्ना शेजारच्या दुकानात अ‍ॅडॉप्टर बघायला गेली. माझ्या डाव्या हातात जुईचा हात, उजव्यात माइक. बटण लागेना म्हणून मी डावा हात सोडला. क्षणभरच. बटण दाबलं आणि त्या स्पीकरमधून अशी कर्कश शिट्टी निघाली की रस्त्यावरची माणसं वळली. मालकांनी हात लांब करून आवाज कमी केला. मी डावीकडे हात नेला. हात रिकामा होता.

दुकानात नाही, दारात नाही. शेजारच्या दुकानातून स्वप्ना बाहेर आली, एकटी. माझा चेहरा बघून तिला सांगायची गरज पडली नाही. गल्लीत हजार पाय होते आणि पुढच्या टोकाला मोठा रस्ता, बस, रिक्षा. स्वप्ना एका दिशेला धावली, परत आली, दुसरीकडे धावली. मी माइक उचलला. मालक म्हणाले, "बोला बाई, बोला, बाहेरचे दोन्ही स्पीकर लावतो." मी मराठीत सांगितलं, पिवळा फ्रॉक, साडेतीन वर्षं, नाव जुई. माणसं इकडेतिकडे बघायला लागली. मग मी तिला हाक मारली, आणि इतक्या घाबरलेल्या तोंडातूनही नियमच बाहेर आला. "जुई, कम हिअर. कम टू अम्मम्मा."

काही नाही. पुन्हा म्हटलं. काही नाही. एक बाई म्हणाली, पोलीस चौकीत जा. कुणी म्हणालं, सिग्नलकडे एक मूल पाहिलं. हरवलेलं मूल नाव सांगतं, रडतं, आई म्हणतं. आमचं मूल बोलत नाही. तिला कुणी हात धरून नेलं तर ती नाही म्हणणार नाही.

स्वप्नाने माझ्या हातातून माइक ओढून घेतला. तोंडाशी नेला आणि थांबली. समोर अख्खी गल्ली तिच्याकडे बघत होती. नऊ वर्षं या शहरात राहून तिने जी भाषा घराबाहेर कधी काढली नाही आणि अलीकडे घरातही एक्झॉस्ट पंख्याच्या आवाजाआड बोलली, ती आता दुकानापुढच्या दोन्ही स्पीकरमधून निघाली.

"जुई. उन्नकाड्ने उंडु. नेनु वस्तुन्न." आहेस तिथेच थांब. मी येते आहे. मग पुन्हा, आवाज फाटलेला, "चेय्यि लेपु, तल्ली. चेय्यि लेपु." हात वर कर, बाई माझी.

गल्ली खरंच जराशी थांबली. आणि समोरून, चार्जरच्या टेबलामागून, एक फूलवाली ओरडली, "अहो इकडं. इकडं खोक्यात हात वर केलाय कुणी तरी."

दहा पावलांवर. टेबलाखालच्या मोठ्या खोक्यात पोरगी गुडघे जवळ घेऊन बसली होती, शिट्टीला घाबरून शिरलेली. माझी प्रत्येक हाक तिने ऐकली असणार. स्वप्ना रस्त्यावरच बसली आणि तिला बाहेर ओढलं. जुईने दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं, इकडे वळवलं, तिकडे वळवलं, नीट तपासून पाहिलं. मग रागावून विचारलं, दिवाळीनंतरचं तिचं आमच्याशी बोललेलं पहिलं वाक्य:

"इन्नि दिनाल्लु एडिकि पोयिनव्?"

इतके दिवस कुठे गेली होतीस?

स्वप्ना नुसती मान हलवत राहिली. पोरगी तिच्या खांद्यावर थापट्या मारत तोच प्रश्न विचारत होती, पुन्हा पुन्हा, जरा जरा मोठ्याने. मालक दारात आले होते. चष्मा पुसत म्हणाले, "कुठली भाषा ही?"

"आमच्या घरची," स्वप्ना म्हणाली. तेलुगूत म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं आणि तिने मराठीत सांगितलं.

परत आल्यावर

उरलेल्या दोन तपासण्या झाल्या. एकीत काही निघालं नाही, दुसरी सहा महिन्यांनी पुन्हा करायची आहे. मॅडम अजूनही नक्की काही म्हणत नाहीत. जुई घरी बोलते. आईशी तेलुगू, बाबाशी मराठी, आणि विहीणबाईंशी "काय बी न्हाय" असं, जे ऐकून निखिल हसतो आणि स्वप्ना आता टोकत नाही. शाळेत अजून एक शब्द नाही. ती नुसती ऐकते. दर रविवारी फोनवर चित्र उमटायच्या आधी मी फोन दोन्ही हातांनी धरून बसते. ती "अम्मम्मा" म्हणते आणि मग मी श्वास घेते.

माइक शाळेत रोज वापरतो. चांगला आहे, किमतीच्या मानाने. सुरू केला की एकदा शिट्टी मारतो. मुलं हसतात. माझा डावा हात तेवढ्यात शेजारी जातो आणि पहिल्या रांगेतल्या ज्या मुलाचा हात लागेल तो घट्ट धरतो.